कुलपं वेगवेगळी, मागणी एकच

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. सभेत विचारल्या गेलेल्या काही प्रश्नांची उत्तरं ओघात घेतली आहेत.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, "तू नेमकं करतं काय बे?" हा प्रश्न सकाळपासून मला सात जणांनी विचारला. डॉक्टर, वकील, कृषी सहायक, एसटीतले आपले मित्र, यांना कोणी असं विचारत नाही. तेव्हा आज नीट सांगतो. आणि शेवटी आपल्या बॅचने शाळेला संगणक देण्याचं जे ठरवलं आहे, त्याबद्दल एक सूचना करतो. माझं काम समजलं, तर ती सूचनाही समजेल.

मी संगणकाच्या 'सिस्टिम लायब्ररी'वर काम करतो. लायब्ररी म्हटलं की पुस्तकांची कपाटं डोळ्यांपुढे येतात. ही तशी नाही. आपल्या शाळेतलं उदाहरण घ्या. सर म्हणायचे, "प्रयोगशाळा उघडा." शिपाईकाका जाऊन उघडायचे. कोणत्या खोलीला कोणती किल्ली, कोणतं कुलूप उलटं फिरतं, कोणत्या दाराला आधी खांदा लावावा लागतो, हे सगळं काकांना माहीत. सरांना त्यातलं काही माहीत असण्याची गरज नव्हती. सिस्टिम लायब्ररी म्हणजे संगणकातले हे काका. मोबाइलवरचं पैसे पाठवायचं ॲप असो की तहसीलमधला सातबाराचा प्रोग्राम, प्रत्येकाला फाइल उघडायची असते, किती वाजले ते पाहायचं असतं, माहिती या जागेवरून त्या जागेवर न्यायची असते. प्रोग्राम फक्त मागणी करतो. लायब्ररी ती खालच्या यंत्राच्या भाषेत पुरी करते.

आता अडचण अशी, की खालची यंत्रं एकसारखी नाहीत. लॅपटॉपमध्ये बहुधा इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असतो. तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये 'आर्म' घराण्याचा असतो. मोठ्या बँकांच्या मुख्य संगणकांत आयबीएमचं वेगळंच घराणं असतं. 'रिस्क-फाइव्ह' नावाचं खुलं घराणं गेल्या काही वर्षांत पुढे आलं आहे. मद्रास आयआयटीचा 'शक्ती' आणि सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्राचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर याच घराण्यातले. या घराण्यांनाच आम्ही आर्किटेक्चर म्हणतो. इमारती वेगळ्या, कुलपं वेगळी, पण "दार उघडा" ही मागणी एकच. ती सगळीकडे सारखी पुरी झाली पाहिजे, हे पाहणं माझं काम.

आपल्या वऱ्हाडाशी जोडलेलं याचं एक मोठं उदाहरण आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं. अमेरिकेकडून हवा तसा महासंगणक मिळण्यात अडथळे येत होते, म्हणून तो इथेच बांधायचं ठरलं. १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. हे आपण सगळे सामान्यज्ञानात पाठ करत आलो आहोत. पण पाठ करताना न कळलेली गोष्ट पुढची आहे. परम ८००० मध्ये 'ट्रान्सप्युटर' नावाच्या ब्रिटिश चिप होत्या. एका चिपला शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी चार दुवे चिपवरच दिलेले होते. पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला. मग इंटेलची आय-८६० चिप आली, मग सन कंपनीचा स्पार्क. १९९८ चा परम १०००० स्पार्कवर होता. त्यानंतरचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर, आणि २००८ चा परम युवा पुन्हा इंटेलच्या झिऑनवर.

नाव 'परम'च राहिलं, पण वीसएक वर्षांत खालचं घराणं चार-पाच वेळा बदललं. वर चालणारे प्रोग्राम हवामानाचे, तेलशोधाचे, रेणूंच्या रचनेचे. ते लिहायला शास्त्रज्ञांची वर्षंच्या वर्षं गेलेली. दर वेळी चिप बदलली म्हणून ते नव्याने लिहिणं परवडणारं नव्हतं. ट्रान्सप्युटरवर 'शेजाऱ्याला निरोप पाठव' म्हटलं, की चिपवरच्या दुव्यातून निरोप जाई. स्पार्कला असे दुवे नव्हते. तिथे निरोप वेगळ्या जाळ्यावरून न्यावा लागे, आणि असं 'परमनेट' नावाचं जाळं सी-डॅकने स्वतः तयार केलं. शास्त्रज्ञाच्या प्रोग्राममध्ये मात्र 'निरोप पाठव' ही ओळ तशीच राहावी, यासाठी मधला थर लिहिणारी आणि सांभाळणारी माणसं होती. महासंगणकाचा फोटो छापून येतो. मधल्या थराचा फोटो काढता येत नाही.

हे घराणं बदललं म्हणजे नेमकं काय बिघडतं? तीन उदाहरणं देतो, आणि पहिलं उदाहरण गणिताच्या बाईंसाठी.

आपण 'बत्तीस' म्हणतो. म्हणजे आधी दोन, मग तीस. लिहितो मात्र आधी तीन, मग दोन. पहिलीतलं मूल ऐकल्याबरहुकूम २३ लिहितं आणि मार खातं. आमच्या वेळी खायचं, आता नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तीस दोन' असं वाचन आलं आणि केवढा वाद झाला, आठवतं ना? गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. संगणकाच्या जगात हाच वाद कितीतरी आधीपासून आहे. मोठी संख्या चार कप्प्यांत साठवायची, तर मोठ्या किमतीचा कप्पा आधी ठेवायचा की लहान किमतीचा? इंटेल लहान आधी ठेवतो, म्हणजे 'बत्तीस'वाला. स्पार्क मोठा आधी, म्हणजे 'तीस दोन'वाला. १९८० मध्ये डॅनी कोहेन या अभियंत्याने या भांडणाला गलिव्हरच्या गोष्टीतलं नाव दिलं. अंडं कोणत्या टोकाकडून फोडावं यावरून तिथे दोन पंथ लढतात. आणि आपलं 'एकशे बत्तीस' बघा. शंभर आधी, मग दोन, मग तीस. अशी मिश्र मांडणी करणारा पीडीपी-११ नावाचा संगणकही होऊन गेला!

कोणती पद्धत बरोबर, हा प्रश्नच नाही. दोन्ही चालतात. पण एका यंत्राने लिहिलेलं दुसऱ्याने आपल्या पद्धतीने वाचलं तर काय होतं ते ऐका. चार कप्प्यांत साठवलेला १ उलटा वाचला, तर तो १,६७,७७,२१६ होतो. एक रुपयाचे एक कोटी सदुसष्ट लाख! परमच्या प्रवासात ट्रान्सप्युटर एका पंथाचा, स्पार्क दुसऱ्या, आणि झिऑन पुन्हा पहिल्या. जुनी माहितीची फाइल नव्या यंत्रावर तशीच वाचली, तर पावसाचे आकडे असे वेडेवाकडे येतील. म्हणून माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जाताना कप्प्यांचा क्रम कोणता, हे लेखी ठरलेलं असावं लागतं. इंटरनेटवर मोठा कप्पा आधी, असा नियम आहे. तुमचा मोबाइल 'बत्तीस'वाला असूनही इंटरनेटशी बोलताना 'तीस दोन' बोलतो. ही अदलाबदल लायब्ररी करते.

दुसरं उदाहरण मराठीच्या सरांसाठी. संगणकात आपला 'क' तीन कप्प्यांत मावतो आणि त्या कप्प्यांत आकडे असतात २२४, १६४ आणि १४९. इंग्रजीचं प्रत्येक अक्षर मात्र एकाच कप्प्यात, आणि आकडा १२८ च्या आत. आता 'सी' भाषेत अक्षराचा कप्पा हा नुसता धन आकडा मानायचा की ऋणसुद्धा, हे भाषेने ठरवलेलंच नाही. ते प्रत्येक घराण्यावर सोडलं आहे. लिनक्सवर आर्म तो धन मानतो, इंटेल ऋण-धन मानतो. म्हणजे 'क'चा पहिला कप्पा मोबाइलवर २२४ दिसतो आणि लॅपटॉपवर उणे ३२! प्रोग्राम लिहिणाऱ्याने त्या आकड्याने कोष्टकातली ओळ शोधली, तर उणे बत्तिसावी ओळ कुठून आणायची? तो कोष्टकाच्या बाहेर, दुसऱ्याच कुणाच्या जागेत जाऊन वाचतो. कधी प्रोग्राम बंद पडतो, कधी काहीतरी चुकीचं छापतो. इंग्रजीत कितीही तपासा, हे सापडत नाही, कारण इंग्रजीचे आकडे तिथवर पोचतच नाहीत. ते सापडतं मराठीत, तेलुगूत, उर्दूत. म्हणून मी कुठलाही बदल तपासताना एक फाइल हमखास वापरतो. तिच्यात मराठी मजकूर असतो, आणि त्यात फुलसावंगी, महागाव, उमरखेड, पुसद ही नावं असतात. (टाळ्या)

तिसरं उदाहरण २०१० सालचं, जगभर गाजलेलं. लिनक्स वापरणाऱ्या बहुतेक संगणकांवर 'जी-लिब-सी' नावाची सिस्टिम लायब्ररी असते. तिच्यात 'मेमकॉपी' नावाची सोय आहे. तिचं काम एवढंच, की माहिती इथून उचलून तिथे ठेवायची. त्या वर्षी इंटेलच्या नव्या चिपवर ती वेगाने चालावी म्हणून पुन्हा लिहिली गेली. नव्या पद्धतीत काही वेळा नक्कल शेवटाकडून सुरू व्हायची. थोड्याच दिवसांत फेडोरा १४ वापरणाऱ्यांच्या तक्रारी आल्या, की फ्लॅशमधून गाणी ऐकताना आवाज फाटतो, खरखरतो. गाण्याचा आणि मेमकॉपीचा काय संबंध?

पोत्यांची रांग डोळ्यांपुढे आणा. सगळी रांग एक घर पुढे सरकवायची आहे. पुढच्या टोकापासून सुरुवात केली तर प्रत्येक पोत्याला रिकामी जागा मिळते. मागून सुरुवात केली तर मागचं पोतं पुढच्याच्या डोक्यावर पडतं. संगणकात तर डोक्यावर पडलं म्हणजे खालचं पुसलंच गेलं. मेमकॉपीच्या नियमात पहिल्यापासून स्पष्ट लिहिलं आहे, की जुनी आणि नवी जागा एकमेकांत शिरत असेल तर मला वापरू नका, त्यासाठी 'मेममूव्ह' ही वेगळी सोय आहे. फ्लॅशच्या प्रोग्राममध्ये नियम मोडलेला होता. तोवर नक्कल पुढून व्हायची म्हणून तो खपून गेला होता.

मग चूक कोणाची? एक बाजू म्हणाली, नियम लेखी आहे, प्रोग्राम दुरुस्त करा. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी दुसरी बाजू मांडली. वापरणाऱ्या माणसाला नियमाशी देणंघेणं नाही, काल गाणं वाजत होतं आणि आज वाजत नाही, एवढंच त्याला कळतं. शेवटी तोडगा निघाला तो आपल्या गावच्या पंचांना शोभेल असा. लायब्ररीत मेमकॉपीच्या दोन आवृत्त्या ठेवल्या. जुने तयार प्रोग्राम जुनी मागतात, त्यांना जुन्यासारखी वागणूक मिळते. नव्याने बांधलेल्या प्रोग्रामला नवी, लेखी नियमाप्रमाणे वागणारी मिळते. आजही या दोन्ही तिथे आहेत.

मला विचाराल, तर या कामातलं सगळं शहाणपण या प्रकरणात आहे. 'चालतंय ना' हे फसवं असतं. ते एका यंत्रावर, एका वेळी चालत असतं. दिलेला शब्द काय होता, तो लेखी हवा. आणि तो मोडलेल्यांनाही एकदम वाऱ्यावर सोडता येत नाही.

आता हे काम होतं कसं? जी-लिब-सीचा एक मोठा भाग सर्व घराण्यांना सामाईक आहे. प्रत्येक घराण्यासाठी वेगळा कप्पा आहे आणि त्यात त्या यंत्रापुरता मजकूर. दर वर्षी फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमाराला नवी आवृत्ती निघते. जगभरची माणसं बदल सुचवतात, दुसरी माणसं ते वाचून उलटतपासणी घेतात. पुण्यात रेड हॅटमध्ये काम केलेल्या सिद्धेश पोयरेकर यांनी २०१७ च्या २.२५ आणि २.२६ या दोन्ही आवृत्त्यांच्या प्रकाशनाची जबाबदारी सांभाळली होती. म्हणजे हे काम सातासमुद्रापारचंच आहे असं नाही. माझ्यासारखे साधे कामकरी रोज कोणाचा तरी बदल वाचतात आणि विचारतात, "तुमच्या यंत्रावर चाललं, पण आर्मवर? पॉवरवर?" ही सगळी यंत्रं कोणाच्याच घरी नसतात. आयबीएमचा मोठा संगणक मी डोळ्यांनी कधी पाहिलेला नाही, पण त्याच्यासाठीचे बदल तपासले आहेत. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांसाठी निरनिराळी यंत्रं दुरून वापरायला देणारं 'कंपाइल फार्म' आहे. आणि 'क्यूएमयू' नावाचा फुकट प्रोग्राम आहे. तो साध्या लॅपटॉपवर दुसऱ्या घराण्याच्या यंत्राचं सोंग आणतो.

बायोलॉजीच्या सरांनी मघाशी विचारलं, की एखादं घराणं मरतं कधी? सर, यंत्रं बंद पडली म्हणजे मरतं असं नाही. सांभाळणारा माणूस उरला नाही, की मरतं. इंटेलचं 'इटॅनियम' घराणं मोठ्या गाजावाजाने आलं होतं. २०२४ च्या सुरुवातीच्या आवृत्तीत जी-लिब-सीमधून त्याचा कप्पा काढून टाकला. काही यंत्रं तेव्हाही सुरू होती. पण बदल तपासून 'होय, चालतं' म्हणणारं कोणी नव्हतं. मग तो मजकूर नुसती अडगळ होतो.

आता आपल्या शाळेकडे येतो. आपली बॅच नवे संगणक देणार आणि जुने भंगारात काढणार, असं ठरतंय. नव्याला माझा पूर्ण पाठिंबा आणि वाटा आहे. पण जुन्या ३२-बिट संगणकांपैकी दोन ठेवा. डेबियन लिनक्सने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून असल्या यंत्रांवर नव्याने बसवायची सोय बंद केली आहे. बारावी आवृत्ती अजून बसते. ती घालून, इंटरनेट न जोडता, ते प्रयोगासाठी वापरू. त्यांच्यावर नववीच्या मुलांना एक प्रयोग करता येईल. असे संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ओळखतात, आणि ३२-बिटच्या कप्प्यात ते सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळाने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांपर्यंतच मावतात. पुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीने बांधलेला प्रोग्राम डिसेंबर १९०१ दाखवतो! जी-लिब-सीने ऑगस्ट २०२१ च्या आवृत्तीत मोठ्या कप्प्याची सोय केली, पण प्रोग्राम नव्याने बांधला तरच ती मिळते. आज पहिलीत असलेलं मूल त्या दिवशी कॉलेजात असेल. तेव्हा कुठल्या तरी पंपात, मीटरमध्ये, यंत्रात जुना प्रोग्राम उरलेला असेल, आणि तो शोधणारं माणूस लागेल.

नव्या यादीत एक आर्मचा आणि एक रिस्क-फाइव्हचा छोटा बोर्ड घाला. मोठ्या संगणकाच्या मानाने ही किरकोळ खरेदी आहे. मग मुलांना आपला प्रोग्राम तीन घराण्यांवर चालवून बघता येईल, आणि कुठे चुकतो ते स्वतः शोधता येईल.

हे मी का म्हणतो? ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या गावाचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं. ते कशामुळे, हे इथे कोणाला सांगायला नको. स्वतःच्या हातांनी हेलिकॉप्टर घडवणारा गावातला तरुण चाचणी घेताना गेला. हुशारी, जिद्द, हातातलं कसब, कशाचीच त्याला कमी नव्हती. त्याच्या घरच्यांचं दुःख आपल्या शब्दांनी कमी होणार नाही. पण त्यानंतर माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. आपल्याकडच्या पोरांना, चुकलं तरी जिवावर बेतणार नाही अशी जागा मिळाली पाहिजे. माझ्या क्षेत्रात ती जागा स्वस्तात उभी करता येते. इथे चाचणी फसली तर पडद्यावर एक ओळ उमटते, 'चुकलं'. मूल पुन्हा करून बघतं.

आणि शेवटची अट, खरेदीपेक्षा महत्त्वाची. देणगीदारांच्या फलकावर आपली नावं येतील, ती येऊ द्या. पण प्रयोगशाळेत एक वही ठेवू. दर महिन्याला कोणत्या यंत्राची तपासणी झाली, काय बिघडलं, कोणी बघितलं, हे तिच्यात सहीसकट लिहायचं. ज्या महिन्यात सही नाही, त्या महिन्यात प्रयोगशाळा मरायला लागली असं समजायचं. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी मी व्हिडिओ कॉलवर मुलांसोबत असेन, आणि दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस प्रत्यक्ष येईन. पुसद आणि उमरखेडला राहणाऱ्या मित्रांपैकी दोघांनी प्रत्यक्ष येऊन पाहण्याची जबाबदारी घ्यावी, अशी विनंती आहे. चहाच्या वेळेत वही फिरवतो, त्यात नावं लिहा.

वीस मिनिटांची पंचवीस झाली. म्हणजे पाच आणि वीस.